पोलिसांच्या जुन्या मोटारीची खासगी विक्री

बैलबाजारांत बैल विकावयास आलेला शेतकरी बैलाचें वय सांगतो. तें ऐकून घेऊन गिऱ्हाईक बैलाचा जबडा उघडतें आणि दांत पाहतें. जनावराचें वय त्याच्या दांतांवर लिहिलेलें असतें आणि तो लेख मालकाला सहसा पुसतां येत नाहीं. जुन्या मोटारीच्या बाबतींत हेंच काम मैलमापक करतो. त्यावरचा आंकडा वाचला, टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, म्हणजे सामान्य गाडीचा अंदाज येतो. परंतु एका जातीची मोटार अशी आहे कीं, तिच्या मैलमापकाला कोणीं हात लावलेला नसला, तरी त्यावरचा आंकडा गिऱ्हाइकाला फसवतो. पोलीस खात्याच्या चाकरींतून निवृत्त होऊन खासगी माणसाच्या दारांत आलेली मोटार ती हीच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा मोटारींची खरेदी-विक्री सर्रास चालते. या व्यवहारांत विकणाऱ्यावर इतर विक्रेत्यांपेक्षां अधिक भार कां पडतो, हें समजून घेण्याजोगें आहे.

त्या देशांत सर्व पोलिसांचें मिळून एक दल नाहीं. शहराचें दल निराळें, परगण्याच्या शेरीफचें निराळें, राज्याच्या हमरस्त्यांवर गस्त घालणारें निराळें. अशीं हजारों लहानमोठीं दलें आपापल्या गाड्या विकत घेतात आणि त्या झिजल्या म्हणजे काढून टाकतात. पूर्वीं त्यांचा लिलाव नगरपालिकेच्या आवारांत पुकारला जाई. आतां बराचसा इंटरनेटवरून होतो. सवाल बोलणाऱ्याला अट एकच असते: गाडी आहे त्या स्थितींत, आहे त्या जागेवरून न्यावी, खात्याकडून हमी नाहीं. असा माल घेऊन कोणी चार-पांच वर्षें वापरतो आणि मग स्वतःच विक्रेता होतो. प्रस्तुत विषय त्या दुसऱ्या विक्रीचा आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांवरील सरकारी गाडीला हा मार्ग आतां बंद आहे. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणें १ एप्रिल २०२३ पासून अशा गाडीच्या नोंदणीचें नूतनीकरण होत नाहीं, तिला भंगार केंद्रांतच जावें लागतें. संरक्षण व कायदा-सुव्यवस्था यांच्या खास कामाच्या चिलखती आणि तत्सम गाड्या तेवढ्या त्यांतून वगळल्या आहेत. अमेरिकेंत तशी देशव्यापी वयोमर्यादा नाहीं. म्हणून तेथें वीस वर्षांची पोलीस मोटारहि कोणाच्या तरी अंगणांत चालत्या स्थितींत उभी दिसते.

अशा गाड्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फोर्ड कंपनीची ‘क्राऊन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टर’. कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांतांत सेंट टॉमस या गांवीं तिचा कारखाना होता आणि तेथून शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०११ रोजीं बाहेर पडली. तिच्या जागीं पुढें फोर्डच्याच ‘टॉरस’ व ‘एक्सप्लोरर’ यांवर बेतलेल्या गाड्या, डॉजची ‘चार्जर’, शेव्हरोलेची ‘टाहो’ अशा गाड्या गस्तीवर आल्या. तरी जुन्या बाजारांत ‘पोलिसी गाडी’ म्हटलें कीं आजहि डोळ्यांपुढें तीच लांबरुंद चौकोनी मूर्ति उभी राहते. तिची बांधणी जुन्या वळणाची. खालीं पोलादी सांगाडा स्वतंत्र, त्यावर वरची काया बसविलेली. पुढें साडेचार लिटरांहून थोडें मोठें, आठ नळकांड्यांचें इंजिन. जोर मागच्या चाकांना. टक्कर झाली तर पत्रा बदलावा आणि गाडी पुन्हां गस्तीवर धाडावी, असा तिचा सोपा हिशेब होता. पोलिसांसाठीं बनविलेल्या गाडींत इंजिनाचें तेल थंड ठेवण्याची जादा सोय, अधिक वीज देणारें जनित्र, भक्कम स्प्रिंगा आणि लोखंडी चाकें असत. खरी पोलिसी गाडी कोणती आणि नुसती तशी सजविलेली कोणती, हें गाडीच्या सतरा अक्षरांच्या ओळखक्रमांकावरून कळतें. त्यांतील पांचवें, सहावें व सातवें चिन्ह मिळून ‘पी-७१’ असें येत असे. शौकीन मंडळी गाडीला त्याच नांवानें ओळखतात.

या शौकाला चित्रपटांनींहि खतपाणी घातलें. १९८० सालच्या ‘ब्लूज ब्रदर्स’ या चित्रपटांतील दोघे भाऊ ज्या गाडींतून साऱ्या इलिनॉय राज्यांत धुमाकूळ घालतात, ती लिलांवांत घेतलेली माउंट प्रॉस्पेक्ट गांवच्या पोलिसांची जुनी डॉज मोटार असल्याचें कथेंत दाखविलें आहे. तेव्हांपासून पोलिसांची टाकलेली गाडी म्हणजे स्वस्तांत मिळालेला राजाश्व, अशी एक समजूत तरुण लोकांत रुजली. गिऱ्हाईक मात्र नाना प्रकारचें येतें. पूर्वीं टॅक्सीवाले मोठ्या संख्येनें येत. पहारेकरी पुरविणाऱ्या कंपन्या येतात, चित्रपटवाले येतात, अल्प खर्चांत मोठी गाडी पाहिजे असलेला पांच-सहा माणसांचा कुटुंबवत्सल गृहस्थ येतो. आणि क्वचित् असाहि एक येतो कीं, ज्याला गाडीपेक्षां तिच्या पोलिसी रूपाचीच ओढ अधिक असते. या शेवटच्या गिऱ्हाइकाविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

आतां मैलमापकाची गोष्ट. गस्तीची मोटार जितकी धावते, त्याहून पुष्कळ वेळ ती एका जागीं उभी असते आणि उभी असतांनाहि तिचें इंजिन चालू असतें. अपघाताच्या जागीं रहदारी वळवावयाची आहे, टपावरचे दिवे फिरत ठेवावयाचे आहेत, बिनतारी यंत्र व संगणक चालू पाहिजेत, हिवाळ्यांत आंतील शिपायाला ऊब पाहिजे, उन्हाळ्यांत गारवा पाहिजे. इंजिन बंद केलें तर बॅटरी तासाभरांत मान टाकील. म्हणून आठ-दहा तासांच्या पाळींत इंजिनाला विसावा असा नाहीं. मैलमापक चाकाचे वेढे मोजतो. चाक फिरलें नाहीं तर त्याच्या लेखीं कांहींच घडलें नाहीं. पण इंजिनाच्या आंत दट्टे वरखालीं होतच असतात, तेल तापून पातळ होत असतें, आणि धावतांना समोरून मिळणारा वाऱ्याचा झोतहि उभ्या गाडीला लाभत नाहीं.

या झिजेचा हिशेब करण्यासाठीं मोटार-धंद्यांत एक ठोकताळा रूढ आहे. उभ्या गाडीचें इंजिन एक तास चालणें म्हणजे सुमारें ३३ मैल धावणें, असें धरतात. उत्तरकाळांतील क्राऊन व्हिक्टोरिया गाड्यांत इंजिन एकंदर किती तास चालले, हें दाखविणारा तासमापक आहे, आणि त्यांतील उभ्यानें घालविलेले तास वेगळे दाखविण्याची सोयहि पोलिसी गाड्यांत पुढें आली. समजा, मैलमापकावर ९०,००० मैल आहेत आणि उभ्यानें चाललेले तास २,००० आहेत. दोन हजारांस ३३ नीं गुणलें कीं ६६,००० येतात. म्हणजे इंजिनापुरतें पाहिलें तर ती गाडी १,५६,००० मैलांची झाली. हें गणित इयत्ता चौथींतील मुलाला येईल; परंतु तें गिऱ्हाइकापुढें मांडावयाचें कीं नाहीं, येथें विक्रेत्याच्या दानतीची परीक्षा होते. मैलांचा आंकडा खरा सांगितला, कायद्याप्रमाणें लिहूनहि दिला आणि तासांविषयीं मौन पाळलें, तर कागदोपत्रीं कोणी दोष काढूं शकणार नाहीं. तरी तें मौन म्हणजे बैलाचा जबडा हातानें दाबून धरण्यासारखेंच होय.

उलट बाजूहि तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे, कारण तींत विक्रेत्याचें हित आहे. सरकारी गाडीचें तेल ठराविक मुदतीला बदललें जातें; ब्रेक, टायर यांची तपासणी ठरलेल्या वेळीं होते. पुष्कळशा खासगी मालकांपेक्षां खात्याचा कारखाना अधिक शिस्तीनें वागतो. त्याच्या नोंदी मिळाल्या तर सोन्याहून पिवळें. आपल्याकडील माहितीच्या अधिकारासारखे कायदे तेथें राज्याराज्यांत आहेत. त्यांच्या आधारें संबंधित दलाकडे गाडीचा ओळखक्रमांक देऊन दुरुस्तीच्या नोंदींच्या प्रती मागतां येतात. नोंदी जपून ठेवलेल्या असल्या तर त्या मिळतात, आणि त्यांतून गाडीनें कोणती चाकरी केली हेंहि उमगतें. शहरांत रात्रंदिवस गस्त घातलेली गाडी आणि एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्यानें घर ते कचेरी एवढीच वापरलेली, बिनचिन्हांची गाडी, या दोघींचा ओळखक्रमांक एकाच जातीचा असला तरी त्यांच्या आयुष्यांत महदंतर असतें. कुत्र्याच्या पथकांत नोकरी केलेली गाडी ओळखावयास तर नोंदींचीहि गरज नाहीं. पावसाळी हवेंत दार उघडावें, नाक तें सांगतें.

खात्यानें गाडी विकतांना आपलें सामान काढून घेतलेलें असतें, पण तें काढण्याची रीत बहुधा घाईची असते. टपावरील दिव्यांची पट्टी निघाली, तिच्या जागीं भोंकें राहिलीं. बिनतारी यंत्राचा खांब निघाला, तेथेंहि भोंक राहिलें. त्यांतून पाणी झिरपून छताच्या आंतलें कापड कुजतें. चालकाच्या बाजूच्या खांबांत बसविलेला शोधदिवा काढला असल्यास तेथील छिद्र नीट बुजविलेलें आहे कीं नुसती रबरी टोपी ठोकलेली आहे, तें पाहावें. त्याहून धोक्याच्या म्हणजे तारा. यंत्रें काढतांना तारा मध्येंच कापल्या जातात आणि त्यांचीं उघडीं टोकें गालिच्याखालीं पडून राहतात. त्यांपैकीं एखादी अजून बॅटरीशीं जोडलेली असली तर रात्रींतून बॅटरी उतरते, आणि नशीब खोटें असलें तर ठिणगी पडते. विकण्यापूर्वीं विजेचें काम जाणणाऱ्या माणसाकडून अशा सर्व तारा मुळापासून काढवून घेणें, हा रंगरंगोटीपेक्षां अधिक अगत्याचा खर्च आहे.

मागच्या दारांकडे विशेष लक्ष द्यावें लागतें. कैदी पळून जाऊं नये म्हणून पोलिसी गाडीचीं मागचीं दारें आंतून उघडत नाहींत; पुष्कळदां कांचाहि आंतल्या माणसाला खालीं करतां येत नाहींत. शिपायाच्या दृष्टीनें ती सोय होती. त्याच आसनावर उद्यां एखाद्या कुटुंबांतील दोन मुलें बसणार, गाडी कोठें तरी उलटणार किंवा तींत धूर भरणार, आणि तीं मुलें आंतून दार ढकलीत राहणार, हें चित्र विक्रेत्यानें एकदां मनाशीं आणावें. दाराच्या आंतील दांडा पुन्हां जोडून घेणें फारसें खर्चाचें नसतें. तें करणें शक्य नसेल, तर गिऱ्हाइकाला मागच्या आसनावर बसवून, दार लावून, प्रत्यक्ष दाखवावें. तोंडी सांगितलेलें घाईंत विसरलें जातें. मागची बैठक उचलून तिच्याखालची सफाईहि हातमोजे घालूनच करावी. धरून आणलेली माणसें झडतीच्या भीतीनें सुया, पाती, पुड्या असें कांहीं बैठकीच्या फटींत सारून देतात, आणि त्या वस्तु वर्षानुवर्षें तेथेंच राहतात.

किल्लीची गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. एखाद्या दलानें शंभर गाड्या घेतल्या तर शंभर निरनिराळ्या किल्ल्या सांभाळणें जिकिरीचें होई. म्हणून सर्व गाड्यांना एकच किल्ली लागेल अशी मागणी दलें कारखान्याकडे करीत आणि कारखाना ती पुरवी. त्यामुळें लिलावांतून आलेल्या गाडीची किल्ली आणखी कितीतरी जुन्या गाड्यांना, कदाचित् अजून चाकरींत असलेल्या एखाद्या गाडीलाहि, चालण्याचा संभव असतो. तसेंच दुसऱ्याच्या हातांतील किल्ली हिलाहि चालेल. कुलूप बदललें आहे कीं नाहीं, हें विक्रेत्यानें आपण होऊन सांगितलें पाहिजे.

यानंतर रूपाचा प्रश्न. गाडी पोलिसांची होती ही गोष्ट गिऱ्हाइकापासून लपवूं नये. परंतु ती रस्त्यावर पोलिसांची भासूं नये, याचीहि काळजी घ्यावी लागते. लाल-निळे दिवे लावून खासगी गाडी रस्त्यावर आणणें तेथें सामान्यतः कायद्यानें निषिद्ध आहे, आणि पोलीस असल्याचें सोंग करणें हा सर्वत्र गुन्हा आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन कायद्यानें तर पोलिसी रंगाची गाडी दुसऱ्या कामासाठीं विकली जातांना ती पोलिसांच्या गाडीसारखी दिसणार नाहीं अशा रीतीनें रंगवून देण्याचा भार विकणाऱ्या पक्षावर टाकला आहे, आणि तसल्या वेषांतील गाडी खासगी माणसानें बाळगणेंहि निषिद्ध केलें आहे. इतर राज्यांचे नियम कमीअधिक कडक आहेत. ते पाहूनच पुढें जावें.

चिकटविलेलीं अक्षरें काढलीं म्हणजे काम झालें, असें पुष्कळांना वाटतें. पण उन्हानें भोंवतालचा रंग फिकटलेला असतो आणि अक्षरांखालचा मूळ तजेलदार राहिलेला असतो. त्यामुळें अक्षरें गेलीं तरी त्यांची छाया पत्र्यावर वाचतां येते. घासून, जिल्हई करून ती जाते, नाहीं तर तेवढा भाग पुन्हां रंगवावा लागतो. हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. ओसाड रस्त्यावर रात्रीं एकट्या बाईच्या गाडीमागें एखादी क्राऊन व्हिक्टोरिया येते, शोधदिव्याचा झोत टाकते, आणि ती बाई कायद्याला मान देऊन गाडी थांबविते. मागच्या गाडींतून उतरणारा पोलीस नसेल तर काय होईल? असे गुन्हे त्या देशांत घडलेले आहेत. म्हणून जें गिऱ्हाईक इंजिनाविषयीं एक अक्षर न विचारतां, दिवे कोठें मिळतील, शोधदिवा चालतो का, पुढचा धक्कारोधक दांडा ठेवाल का, एवढेंच विचारीत राहतें, त्याला नम्रपणें वाटेला लावावें. शोधदिवा कांहीं राज्यांत खासगी गाडीला चालतो हें खरें. तरी तो काढून टाकल्यानें किंमत फार उतरत नाहीं आणि मनाची शांति राहते.

यांत्रिक दोषांपैकीं तीन गोष्टी आवर्जून तपासावयाच्या. १९९६ ते २००१ या सालांच्या गाड्यांत इंजिनावरील हवा आंत घेणारा भाग सबंध प्लास्टिकचा होता आणि त्यांतून थंडावा देणारें पाणीहि वाहत असे. तो तडकून पाणी गळे. पुढें पाण्याचा मार्ग ॲल्युमिनियमचा केला गेला. जुनी गाडी असल्यास तो भाग बदललेला आहे कीं नाहीं, हें सांगावें. दुसरी गोष्ट पेट्रोलच्या टाकीची. ती मागच्या आंसाच्या पाठीमागें असल्यामुळें उभ्या गस्तीच्या गाडीवर मागून भरधाव मोटार आदळली असतां आग लागण्याचे प्रकार घडले, कांहीं शिपाई त्यांत दगावले, आणि २००२ सालीं फोर्ड कंपनीनें पोलिसी गाड्यांसाठीं टाकीभोंवतीं संरक्षक ढाली बसवून देण्याचें ठरविलें. त्या ढाली जागेवर आहेत का, हें गाडीखालीं डोकावून कळतें. तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. टक्कर होतांच फुगणारी हवेची पिशवी, जिला एअरबॅग म्हणतात, ती पुरविणाऱ्या टकाटा या जपानी कंपनीचा माल सदोष निघाला. उष्ण व दमट हवेंत वर्षें काढल्यावर पिशवी फुगविणारें उपकरण स्फोट होऊन धातूचे तुकडे बसलेल्या माणसाच्या अंगांत घुसवी; त्यानें माणसें मेलीं. या उपकरणांची परतबोलावणी अमेरिकेच्या मोटार-इतिहासांतील सर्वांत मोठी ठरली, आणि २००६ ते २०११ सालांच्या क्राऊन व्हिक्टोरिया गाड्या तींत आहेत.

येथें कायदा आणि कर्तव्य यांची फारकत दिसते. परतबोलावणीची दुरुस्ती करूनच गाडी विकली पाहिजे, अशी सक्ती तेथील केंद्रीय कायद्यानें खासगी विक्रेत्यावर केलेली नाहीं. तथापि दुरुस्ती फुकट होते. केंद्रीय हमरस्ता-सुरक्षा खात्याच्या इंटरनेटवरील पानावर सतरा अक्षरांचा क्रमांक घातला कीं ती झाली आहे कीं बाकी आहे, तें विनामूल्य समजतें. पांच मिनिटांच्या चौकशीनें जर समोरच्याच्या मुखावर फुटणारा गोळा टळत असेल, तर कायद्याच्या मौनाचा आधार कोणी घेऊं नये. ज्याला ही चौकशी जड वाटते, त्यानें गाडी विकण्यापेक्षां भंगारांत द्यावी.

किंमत ठरवितांना नेहमींचे भावपट फारसे उपयोगी पडत नाहींत. ‘केली ब्लू बुक’सारख्या भावपटावरून नागरी गाडीचा अंदाज येतो, पोलिसी गाडी त्याहून कमी भावाला जाते आणि फक्त शौकिनाच्या हातीं पडली तर अधिकाला. अशा गाडीला पेढीवाले दलाल अल्प मोल देतात, कारण त्यांच्या सजविलेल्या दुकानांत मागें प्लास्टिकची बैठक आणि खालीं रबरी गालिचा असलेली मोटार शोभत नाहीं. म्हणून पुष्कळ लोक स्वतःच जाहिरात देतात. जाहिरातींत पहिल्याच ओळींत ‘पूर्वीची पोलीस मोटार’ असें लिहावें. मैल आणि तास दोन्ही द्यावे, कोणत्या प्रकारच्या चाकरींत होती तें द्यावें, बुजविलेल्या भोंकांचीं छायाचित्रेंहि द्यावीं. दोष आधींच सांगितल्यानें येणारीं माणसें थोडीं येतात, पण जीं येतात तीं भाव पाडण्यासाठीं नवा दोष शोधीत बसत नाहींत. ‘आहे तशी’ या शब्दांनीं खासगी विक्रेता हमींतून सुटतो. जाणूनबुजून सांगितलेल्या खोट्यांतून मात्र ते शब्द त्याला सोडवीत नाहींत.

फ्लॉरिडा राज्यानें याबाबत विक्रेत्याच्या दानतीवर विसंबणें सोडून दिलें आहे. तेथें टॅक्सी म्हणून किंवा पोलिसांकडे वापरलेली गाडी विकावयाची तर तो पूर्वीचा वापर मालकीपत्रावर ठळकपणें नमूद झालेला असावा लागतो. इतर पुष्कळ राज्यांत तशी सक्ती नाहीं, आणि तेथें विक्रेत्याच्या शब्दालाच मालकीपत्राचें काम करावें लागतें.

गाडी चालवून पाहूं देण्याआधीं गिऱ्हाइकाचा चालक-परवाना पाहावा आणि शेजारीं स्वतः बसावें. भेट दिवसाउजेडीं, रहदारीच्या ठिकाणीं ठेवावी. अनोळखी खरेदीदार-विक्रेत्यांसाठीं आपल्या ठाण्यासमोरची जागा खुली करून देण्याची चाल तेथील अनेक पोलीस दलांनीं पाडली आहे. पोलिसांची जुनी मोटार पोलीस ठाण्याच्याच दारांत विकली जावी, यांत गंमत आहे खरी, पण सोय त्याहून मोठी आहे. पैसे रोख अगर बँकेच्या खिडकीवर डोळ्यांदेखत काढलेल्या धनादेशानें घ्यावे. छापील, देखणा, बँकेचाच वाटणारा बनावट धनादेश देऊन गाडी नेण्याची ठकबाजी तेथें जुनी आहे. असा धनादेश खात्यांत जमा झाल्यासारखा दिसतो, आणि कांहीं दिवसांनीं नाकारला जातो. मागितलेल्या रकमेहून अधिकाचा धनादेश देऊन वरची बाकी परत मागणारें गिऱ्हाईक तर उंबऱ्यावरूनच परत पाठवावें.

पैसे हातीं आल्यावर मालकीपत्रावर सही करावयाची, आणि मैलमापकाचा आंकडा लिहून द्यावयाचा. या आंकड्याविषयीं एक बारकावा आहे. पूर्वीं दहा वर्षांवरील गाडीला तो लिहून देण्याची सक्ती नव्हती. पुढें नियम बदलला आणि २०११ सालच्या व त्यानंतरच्या बनावटीला ती मुदत वीस वर्षांची झाली. म्हणून २०१० सालची क्राऊन व्हिक्टोरिया त्या सक्तींतून सुटलेली आहे आणि कारखान्यांतून निघालेली अखेरची, २०११ सालची, २०३१ पर्यंत तींत अडकलेली आहे. सक्ती असो वा नसो, मैलांच्या शेजारीं तासांचा आंकडाहि पावतीवर लिहून दोघांनीं सह्या केल्या तर पुढें तोंड उघडण्यास कोणालाच जागा राहत नाहीं. कॅलिफोर्नियांत धूर-तपासणीचा नव्वद दिवसांच्या आंतला दाखलाहि विक्रेत्यानेंच आणून द्यावा लागतो.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावरहि एक काम उरतें. मालकी बदलल्याची सूचना राज्याच्या मोटार खात्याला धाडावयाची असते. कॅलिफोर्नियांत त्यासाठीं पांच दिवसांची मुदत आहे. क्रमांकाची पाटी कोणाची, याविषयीं राज्याराज्यांत फरक आहे. कॅलिफोर्नियांत साधी पाटी गाडीबरोबर जाते. न्यूयॉर्क व फ्लॉरिडांत विक्रेत्यानें ती काढून घ्यावयाची. सूचना न धाडल्यास नव्या मालकाचे पुलाचे कर, बेकायदा गाडी उभी केल्याचे दंड, आणि गाडीनें अपघात केला तर त्याची चौकशी, हें सर्व जुन्या मालकाच्या पत्त्यावर येत राहतें. आणि गाडी पोलिसी वळणाची असल्यामुळें एखाद्या सोंगाड्यानें तिचा गैरवापर केला तर पहिली थाप त्याच्याच दारावर पडते. म्हणून सूचनेची पावती, विक्रीच्या कागदाची प्रत आणि गिऱ्हाइकाच्या परवान्यावरील नांव-पत्त्याची नोंद हीं तिन्ही एकत्र बांधून ठेवावीं लागतात.